जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज फोल्डर डिलीट होत नव्हतं, शेवटी कसं केलं ते सविस्तर

जुना लॅपटॉप गेला की त्यातली हार्ड डिस्क केसिंगमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून एक्स्टर्नल म्हणून वापरायची, हे आजकाल बरेच जण करतात, पण त्या डिस्कवर जुनं विंडोज अख्खं तसंच बसलेलं असतं आणि ते काढायला गेलं की निघत नाही. मी सांगलीत घरून डीटीपीचं काम करते, कॉम्प्युटर रोज वापरते पण त्याच्या पोटात शिरायची कधी वेळ आली नव्हती. ह्या प्रकरणात मला नऊ दिवस लागले आणि त्यातला बराचसा वेळ काम करण्यात नाही तर घाबरण्यात गेला, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

गणपतीनंतर जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. रिपेअरला चौदा हजार सांगितले, त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे माहीत होतंच, मग कशाला त्यात पैसे घाला. दसऱ्याला नवीन लॅपटॉप घेतला. त्यात ५१२ जीबीची एसएसडी आहे, प्रत्यक्षात विंडोज ४७६ जीबी दाखवतं. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क १ टीबीची, म्हणजे दाखवताना ९३१ जीबी, आणि ती ठणठणीत होती. बाजारात अडीच इंची डिस्कचं यूएसबी ३.० केसिंग साडेचारशेला मिळालं, दुकानदाराने पाच मिनिटांत डिस्क बसवूनही दिली.

डिस्कवर माझं कामाचं सामान सहाशे जीबीच्या वर. लग्नपत्रिका, स्मरणिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, दोन-तीन पुस्तकांची पानं, ग्राहकांनी दिलेले मोठमोठे फोटो. मोकळी जागा होती जेमतेम चाळीस जीबी. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पत्रिकांची गर्दी सुरू होते, तेव्हा जागा लागणारच होती. "ताई, फॉरमॅट मारून टाका, डेटा बॅकअपसकट दीड हजार होतील" असं एका ठिकाणी सांगितलं. पण सहाशे जीबी ४७६ मध्ये मावणार कसं, आणि डिस्क दुसऱ्याच्या हातात द्यायला मन तयार नव्हतं, लोकांची कागदपत्रं असतात त्यात. ज्यांच्या डिस्कवर ठेवण्यासारखं काही नाही किंवा सगळं दुसरीकडे मावतंय त्यांनी सरळ फॉरमॅट करावं, क्विक फॉरमॅटला मिनिटभर लागतं, खालचं काही वाचायची गरज नाही.

शनिवारी ८ नोव्हेंबरला दुपारी बसले. डिस्क जोडल्यावर ई ड्राइव्ह म्हणून आली. विंडोज नावाचं फोल्डर निवडलं, शिफ्ट डिलीट दाबलं. आधी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल म्हणाला, कंटिन्यू केलं, मग म्हणे ह्या फोल्डरमध्ये बदल करायला ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी लागेल. खाली दोनच बटणं, ट्राय अगेन आणि कॅन्सल. लॅपटॉप माझा, डिस्क माझी, बिल माझ्या नावावर, आणि हा ट्रस्टेडइन्स्टॉलर कोण? मला तर व्हायरसच वाटला. छातीत धस्स झालं, कारण त्याच डिस्कवर सगळं काम होतं.

पुण्याला माझा भाचा आयटीत आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, व्हायरस नाही गं तो, विंडोजचाच माणूस आहे. आज काही डिलीट करू नकोस, रात्री सांगतो नीट." रात्री त्याने जे समजावलं त्याने माझी अर्धी भीती गेली, म्हणून ते आधी सांगते.

विंडोजच्या डिस्कला फाइली ठेवायची एनटीएफएस नावाची पद्धत असते, त्यात प्रत्येक फाइलसोबत तिचा मालक कोण आणि कुणाला काय करायची परवानगी आहे ह्याची यादी डिस्कवरच लिहिलेली असते. सोसायटीच्या रजिस्टरसारखं, माणूस घर सोडून गेला तरी नाव खोडेपर्यंत तेच राहतं. व्हिस्टापासून विंडोजने आपल्या सिस्टिम फाइलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर ह्या सर्व्हिसला दिलीय, म्हणजे अपडेट बसवणारा तेवढा त्यांना हात लावू शकतो, ॲडमिनिस्ट्रेटरसुद्धा सहज लावू शकत नाही. चालू विंडोजसाठी हे चांगलंच आहे. पण डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तरी ती यादी तशीच येते, आणि नवीन विंडोज इमानेइतबारे ती पाळतं. ते जुनं विंडोज आता कुठेच चालू नाही हे त्या यादीला कळायचा मार्गच नाही.

एक गंमत म्हणजे डिस्कवर नावं लिहिलेली नसतात, आकडे असतात. ट्रस्टेडइन्स्टॉलरचा आकडा जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच असतो म्हणून त्याचं नाव नीट दिसतं, पण माझं जुनं अकाउंट मात्र अकाउंट अननोन आणि पुढे एस-१-५-२१ पासून सुरू होणारा लांबलचक आकडा असं दिसत होतं. ते बघून कुणीतरी हॅक केलंय असं वाटून घेऊ नका, ते आपणच असतो.

रविवार सगळा तयारीत गेला आणि तो तसाच जायला हवा.

पहिलं म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या फुकट सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत बघितली. गुड आलं. कॉशन किंवा बॅड आलं असतं तर डिलीट वगैरे सोडून आधी डेटा बाहेर काढायचा, कारण लाखभर फाइली पुसायच्या म्हणजे जुन्या डिस्कला चांगलाच व्यायाम. तुमची डिस्क जोडल्यावर कुलपाचं चित्र आलं आणि ४८ आकडी की मागितली तर तो बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावायची विंडोजची सोय, तो प्रकार पूर्ण वेगळा, ती की बहुतेक वेळा जुन्या लॅपटॉपवर ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं होतं तिथे सापडते. माझ्या डिस्कला ते नव्हतं.

दुसरं, फॉन्ट. डीटीपीवाल्यांनो हे नीट वाचा. आपल्या जुन्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीच्या, नाहीत, श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये आहेत, तो फॉन्ट नसेल तर पानावर मराठीऐवजी नुसती चिन्हांची जत्रा दिसते. फॉन्ट गेला म्हणजे मजकूरच गेला. आणि बसवलेले फॉन्ट असतात कुठे, तर आपण जे डिलीट करायला निघालोय त्याच विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये. शिवाय विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून, सगळ्या युजरसाठी असं न सांगता फॉन्ट बसवला तर तो तिथे जातच नाही, युजर्समधल्या आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असा खोल जाऊन बसतो. मी दोन्ही ठिकाणचे कॉपी करून घेतले. खोल वाटेत माझे चांगले साठ-सत्तर फॉन्ट निघाले, ते गेले असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक. ज्यांच्याकडे हिशोबाचं टॅली आहे त्यांनी त्याचं डेटा फोल्डर असंच आधी शोधून बाजूला काढावं.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं साठ जीबी काम नव्या लॅपटॉपवर कॉपी. आणि उरलेलं जुन्या डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्समधून त्याच डिस्कवर काम नावाचं नवं फोल्डर करून त्यात कट-पेस्ट. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की फाइल जागची हलत नाही, फक्त पत्ता बदलतो, त्यामुळे शेकडो जीबी असले तरी काही सेकंदांत होतं. जुन्या नावाचं फोल्डर उघडताना परवानगी नाही म्हणतो, तिथे कंटिन्यू दाबायचं आणि हिरवी पट्टी सरकेपर्यंत थांबायचं, माझ्याकडे अर्धा तास गेला. मध्ये कॅन्सल करू नका.

चौथं, भाच्याने सांगितलेली आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. विंडोजमधल्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हचं अक्षर ई वरून झेड केलं. कमांड टाइप करताना सी आणि ई मध्ये नजर चुकू शकते, झेडमध्ये चुकत नाही.

सोमवारी रात्री जेवणं आटोपल्यावर सुरुवात केली. आधी माउसने प्रयत्न केला, म्हणजे फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, वर ओनर दिसतो त्याच्यासमोर चेंज, तिथे ॲडमिनिस्ट्रेटर्स लिहून चेक नेम्स, आणि आतल्या सगळ्यांचा मालक बदला ह्या चौकटीत टिक. लहानसहान फोल्डरला ह्याने काम होतं. विंडोजच्या फोल्डरला मात्र मध्येच ॲक्सेस डिनाइड आणि आतल्या वस्तूंची यादी करता आली नाही असा मेसेज, आणि ओके दाबलं की पुढच्या फोल्डरला परत तोच. मग कमांडच.

स्टार्टमध्ये सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) शोधून राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. हे विसरलं तर पुढचं काहीच चालत नाही. तीन कमांड आहेत, मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

पहिली टेकओन, टेक आणि ओन मध्ये जागा न सोडता. त्यापुढे स्लॅश एफ आणि फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश ए म्हणजे मालकी ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपला, स्लॅश आर म्हणजे आतल्या सगळ्यांना, स्लॅश डी वाय म्हणजे दरवेळी विचारू नको, हो समज. आणि शेवटी स्लॅश एसकेआयपीएसएल, ह्याचं कारण पुढे सांगते. दुसरी आयसीएसीएलएस, पुढे पत्ता, स्लॅश ग्रँट, ॲडमिनिस्ट्रेटर्स कोलन एफ म्हणजे पूर्ण हक्क, मग स्लॅश टी, स्लॅश सी, स्लॅश क्यू आणि स्लॅश एल. मालकी आणि परवानगी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नुसतं मालक झाल्याने पुसता येत नाही, बरेच जण इथेच अडकतात. तिसरी आरडी, स्लॅश एस, स्लॅश क्यू आणि पत्ता. ही पुसते, आणि रीसायकल बिनमध्ये टाकत नाही, कायमची पुसते. म्हणून एंटरच्या आधी पत्ता मोठ्याने वाचायचा. मी वाचत होते.

आता ते एसकेआयपीएसएल. भाच्याने फोनवर बजावून सांगितलं होतं, "मावशी, अख्ख्या झेड ड्राइव्हवर कमांड चालवू नकोस हं, एकेक फोल्डर घे." मी विचारलं, "अरे पण एकदाच चालवलं तर सोपं नाही का?" तेव्हा त्याने एक कमांड टाइप करायला लावली, डीआयआर, झेड कोलन बॅकस्लॅश, स्लॅश एएल. त्यात डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज असं एक फोल्डर दिसलं आणि त्याच्यापुढे कंसात पत्ता, सी ड्राइव्हवरचं युजर्स! म्हणजे ते फोल्डर नाहीच, जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली एक जोडवाट, आणि तिच्यात सी असं पक्कं लिहिलेलं. जुन्या लॅपटॉपवर सी म्हणजे ही डिस्क होती. नव्या लॅपटॉपवर सी म्हणजे माझं चालू विंडोज. मालकी बदलणारी कमांड त्या वाटेने गेली तर ती माझ्या चालू लॅपटॉपच्या परवानग्या उलट्यापालट्या करू शकते. माझं युजरनेमही दोन्हीकडे सारखंच, म्हणजे वाटा अगदी बरोबर घरात येऊन पोचणार होत्या. अशा वाटा विंडोज फोल्डरमध्ये सर्व्हिसप्रोफाइल्सच्या आतही असतात, आणि प्रोग्रॅमडेटा व युजर्समध्ये तर भरपूर, ऑल युजर्स हे तर सरळ सीवरच्या प्रोग्रॅमडेटाकडे जातं. एसकेआयपीएसएल आणि दुसऱ्या कमांडमधला स्लॅश एल ह्याच्यासाठी. यूट्यूबवर ह्या विषयाचे जे व्हिडिओ मी बघितले त्यात हे कुणीच सांगत नव्हतं, पूर्ण ड्राइव्हवर बिनधास्त चालवत होते, ते बघून करू नका कृपा करून.

टेकओन सुरू केल्यावर काळ्या खिडकीत सक्सेस सक्सेस अशा ओळी धावायला लागल्या. विंडोज फोल्डरमध्ये लाखभराहून जास्त फाइली होत्या, पाऊण तास गेला. दुसऱ्या कमांडला तासाच्या आसपास. त्याआधी पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करून ठेवा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा. आमच्याकडे मध्ये लाइट गेली तरी काही झालं नाही कारण केसिंगला वीज लॅपटॉपकडूनच मिळते.

पुसायला सुरुवात केली ती मंगळवारी सकाळी. आणि इथे मी परत घाबरले, कारण आरडी चालू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली तरी मोकळ्या जागेचा आकडा फारसा हलेना. सिस्टिम३२ तर संपत आलं होतं. ह्याचं कारण नंतर कळलं. विंडोजमध्ये विनएसएक्सएस नावाचं एक कोठार असतं, सिस्टिम३२ मधल्या बऱ्याच फाइली खरं म्हणजे तिथल्याच असतात, एकाच फाइलला दोन ठिकाणी दोन नावं, हार्ड लिंक म्हणतात त्याला. एक नाव पुसलं तरी दुसरं असेपर्यंत जागा सुटत नाही. नावं इंग्रजी वर्णक्रमाने पुसली जातात, एस आधी आणि डब्ल्यू नंतर, त्यामुळे विनएसएक्सएसची पाळी आली आणि मग आकडा भराभर वाढायला लागला. ह्याच कारणाने प्रॉपर्टीजमध्ये विंडोज फोल्डरचा जो आकार दिसतो तेवढी जागा परत मिळत नाही, त्याच फाइली दोनदा मोजलेल्या असतात. कमी मिळाली म्हणून काही राहिलंय असं समजू नका.

साधारण पाऊण काम झालं असेल आणि केबल सैल होऊन डिस्क गायब झाली. ही स्वस्तातल्या केसिंगची केबल जरा धक्का लागला की हलते. परत जोडल्यावर डिस्कमध्ये गडबड आहे, स्कॅन करू का असं विचारलं. त्याच काळ्या खिडकीत सीएचकेडीएसके, झेड कोलन, स्लॅश एफ ही कमांड दिली, दहा मिनिटांत ठीक झालं, काम फोल्डर उघडून बघितलं, सगळं जागेवर होतं. तेव्हा कुठे जीवात जीव आला. डिस्क टेबलाच्या मध्यभागी ठेवा, मांडीवर किंवा सोफ्यावर नको, आणि घरात लहान मूल असेल तर खोलीचं दार लावून घ्या. परत आरडी चालवल्यावर शेवटी फोल्डर रिकामं नाही असा मेसेज आला, दोन-चार उपफोल्डर राहिले होते, त्या तेवढ्यांवर तिन्ही कमांड परत चालवल्या आणि विंडोज फोल्डर एकदाचं गेलं.

प्रोग्रॅम फाइल्सची दोन्ही फोल्डरं त्याच पद्धतीने बुधवारी गेली, त्यात विंडोजॲप्स नावाचं फोल्डर जरा हट्टी असतं पण ह्याच कमांडने निघतं.

प्रोग्रॅमडेटा आणि युजर्स मी मुद्दाम शनिवारसाठी ठेवले, कारण कामाच्या धबडग्यात ते करायचं नव्हतं. तिथे आधी डीआयआर स्लॅश एएल ला स्लॅश एस जोडून सगळ्या जोडवाटांची यादी काढली आणि सीकडे जाणारी प्रत्येक वाट नुसत्या आरडीने, स्लॅश एस न लावता, पत्ता अवतरणचिन्हात टाकून काढली. नुसत्या आरडीने फक्त वाट मोडते, पलीकडच्या घराला काही होत नाही. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जही तसंच काढलं. कंटाळवाणं काम आहे, एकेक करत बसावं लागतं, पण घाई करण्यासारखी ही जागाच नाही. मग वरच्याच तीन कमांड.

उरल्या तीन मोठ्या फाइली, पेजफाइल, हायबरफिल आणि स्वॅपफाइल. ह्या दिसत नाहीत, फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यूमध्ये जाऊन हिडन फाइल्स दाखवा हे निवडलं आणि प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा ही टिक काढली की दिसतात. चालू विंडोजवर ह्यांना हात लावता येत नाही, पण ह्या डिस्कवरचं विंडोज झोपलेलं, त्यामुळे साध्या शिफ्ट डिलीटने गेल्या आणि बारा-तेरा जीबी सुटले. काम झाल्यावर ती टिक परत लावा. डिलीट करताना वर पत्त्यात झेड आहे ना ते बघा, सीवरही ह्याच नावाच्या फाइली असतात.

सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन आणि रीसायकल बिन ही दोन फोल्डरं मी तशीच ठेवली. ती जुन्या विंडोजची राहिलेली घाण नाही, त्या ड्राइव्हची स्वतःची आहेत, काढली तरी विंडोज लगेच नवीन करतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय आणि रिकव्हरीचे छोटे तुकडेही दिसतात, माझ्याकडे सगळे मिळून दीड जीबीच्या आत होते. त्यांना काढायला डिस्कपार्ट ह्या कमांडमध्ये जावं लागतं आणि तिथे डिस्कचा नंबर चुकला तर अख्खी डिस्क जाते, दीड जीबीसाठी मी तो धोका घेणार नव्हते.

रविवारी १६ तारखेला शेवटचं काम केलं जे बरेच जण विसरतात. कट-पेस्ट केलेल्या फाइली जुन्या परवानग्या सोबत घेऊन येतात, त्यात ते अकाउंट अननोन अजून असतंच, आणि मग दुसऱ्या मशीनला डिस्क लावली की परत परवानगीची कटकट. काम फोल्डरवर आयसीएसीएलएस ला स्लॅश रीसेट, स्लॅश टी, स्लॅश सी, स्लॅश क्यू लावून चालवलं. आता सगळ्या फाइली ड्राइव्हच्याच परवानग्या घेतात, यजमानांच्या डेस्कटॉपवरही डिस्क न विचारता उघडली.

चाळीसवरून मोकळी जागा एकशेसाठच्या पुढे गेली. खर्च केसिंगचे साडेचारशे, आणि नंतर चांगली केबल घेतली तिचे दोनशे. अनलॉकर म्हणून जी फुकट सॉफ्टवेअरं सुचवली जातात ती मी घेतली नाहीत, विंडोजमध्ये आधीच सगळं आहे. कुणाला लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची दुसरी सिस्टिम) येत असेल तर त्यातल्या उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे काही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून सुरू करून, ह्या परवानग्या आड येत नाहीत, एनटीएफएस डिस्क सरळ साफ करता येते, फक्त जुनं विंडोज फास्ट स्टार्टअपने, म्हणजे पूर्ण बंद न होता अर्धवट झोपून, बंद झालेलं असेल तर डिस्क आधी नुसती वाचण्यापुरतीच उघडते. मला ते येत नाही म्हणून मी विंडोजमधूनच केलं. पत्रिकांचं काम सोमवारपासून सुरू झालं, आणि आता दर शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉपवरचं आठवड्याचं काम ह्याच डिस्कवर उतरवून ठेवते.